काळ्या फुलांची कपार

मुलांनो, चला माझ्याबरोबर. बसल्या जागेवरूनच चला, पण मन घट्ट करा, कारण वाट दगडांची आहे.

समोर बालाघाटाचा डोंगर आहे अशी कल्पना करा. शिरूर कासारच्या वरच्या अंगाचा, उघडाबोडका. दोन वर्षं तिथे धड पाऊस नाही. ओढे कोरडे आहेत. गवत इतकं वाळलंय, की पाऊल पडलं की पापडासारखं मोडतं. आता त्या डोंगराचा एक उभा कडा पाहा. काळाकभिन्न! कड्याच्या मधोमध एक अरुंद कपार आहे आणि कपारीत बोरीचं एकच काटेरी झुडूप. दिसलं?

त्या बोरीखाली जे उगवलंय, ते आणायला चार माणसं निघाली आहेत. त्यांच्याकडे फक्त दोन दिवस आहेत.

ते काय आहे, हे आधी समजून घेऊ. माकडशिंग नावाची एक वनस्पती असते. बोटाएवढी जाड, चौकोनी, राखाडी-हिरवी. तिच्या कडांना करवतीसारखे बारीक दात असतात. तिला पानं नसतात. का नसतील बरं? पानांतून पाणी उडून जातं. ज्या डोंगरावर आठ-आठ महिने थेंब पडत नाही, तिथे पानं परवडत नाहीत. म्हणून ही माकडशिंग पानांचं काम देठाकडून करून घेते आणि पावसाचं पाणी त्या देठातच भरून ठेवते. जिवंत पखालच म्हणा ना! आमच्या गोष्टीतली माकडशिंग तर आणखी दुर्मिळ. तिला काळपट जांभळ्या, चांदणीसारख्या फुलांचे झुबके यायचे. मेंढपाळ तिला काळी माकडशिंग म्हणत.

काळ निजामाचा, सन एकोणीसशे वीसच्या आसपासचा. आपल्याकडचे लोक त्या राज्याला मुगलाई म्हणत. तिथल्या एका जहागीरदाराला बागेचा फार नाद. एकदा हैदराबादच्या एका बड्या पाहुण्यासमोर तो बोलून गेला, "काळी माकडशिंग बघायची तर फक्त माझ्या बागेत!" पाहुणा म्हणाला, "येत्या शुक्रवारी येतो बघायला." झाली पंचाईत! बागेत तर एकही नव्हती.

ती कुठे उरली आहे, हे एकाच घराला ठाऊक होतं. शहादेव धनगराच्या घराला. शहादेव निम्मा कळप घेऊन गोदावरीकाठी गेला होता. मग जहागीरदारानं काय केलं? उरलेला निम्मा कळप, साठ मेंढरं आणि चार शेळ्या, आपल्या कुरणात शिरला असं म्हणून कोंडवाड्यात घातला. चारा बंद. पाणी दिवसातून एकदा. निरोप असा, की जागा दाखवा, मेंढरं न्या.

कळपाजवळ घरचं कोण होतं? शहादेवाची मुलगी भिवरा, वय वर्षं बारा. आणि तिची आत्या, मंजुळाबाई.

"पाच गड्डे द्या आनि मेंढरं हाका," कोंडवाड्याचा शिपाई धर्मराज म्हणाला होता. "कावून उगी खळखळ करता?"

भिवरानं कुडातून आत पाहिलं. मेंढरं एकमेकांची लोकर चघळत होती. तिनं मान डोलावली. पाच गड्डे द्यायचे. पाचच.

बुधवारी उजाडताच चौघं निघाले. पुढे भिवरा, अनवाणी. मागे मंजुळाबाई, खांद्यावर घोंगडं आणि अंबाडीचं जाड चऱ्हाट, हातात मेंढपाळाची आकडी. तिच्यामागे धर्मराज. मोठ्या मिशा, छातीवर चामडी पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला, कमरेला कोयता आणि पाण्याचा भोपळा, काखेत गुंडाळलेलं पोतं. शेवटी बंकट, जहागीरदाराच्या बागेतला माळी. किडकिडीत, घाबरट माणूस.

"किती लांब हाय गं पोरी?" बंकटनं पहिल्याच वळणावर विचारलं.

"अजून घर दिसतंय न्हवं मागं? मग निघालोच न्हाई आपन," मंजुळाबाई म्हणाली.

ओढ्याच्या पात्रात घराएवढे धोंडे पडले होते. त्यांच्यावर चढायचं, पलीकडे उतरायचं, पुन्हा चढायचं. सूर्य वर आला तसे दगड तापले. मग आली मुरमाची घसरड. डोंगराचा अख्खा उतार बारीक खड्यांचा. एका बाजूला खोल घळ. पाऊल ठेवलं की खडे वाहायला लागायचे आणि त्यांच्याबरोबर माणूसही!

"थांबू नका," भिवरा म्हणाली. "थांबलं की ती खाली नेती. पळायचं बी न्हाई. शेळीवानी चालायचं."

ती गेली. मंजुळाबाई गेली. धर्मराज शिव्या देत गेला. बंकट मात्र मधोमध थांबला! खडे सुटले. बंकट बसला. बसल्या बसल्या खाली निघाला! घळीचा काठ पाच हातांवर... तीन हातांवर... मंजुळाबाईनं आपली लांब आकडी पुढे केली. मेंढराच्या मानेत अडकवायची ती आकडी बंकटच्या बंडीत अडकली. टर्रकन बंडी फाटली, पण माणूस थांबला.

"मेंढरू बरं बाई," त्याला ओढून घेत ती म्हणाली. "त्येला निदान चार पाय असत्यात."

ऊन डोक्यावर येता येता ते कड्याच्या माथ्यावर पोचले. चौघांनी पालथं पडून खाली डोकावलं. तीस हात खाली कपार होती आणि कपारीच्या खाली कितीतरी खोलपर्यंत काहीच नव्हतं.

मंजुळाबाईनं चऱ्हाट एका मोठ्या दगडाला तीन वेढे देऊन बांधलं. कड्याच्या कडेचा दगड वस्तऱ्यासारखा धारदार होता. त्यावर तिनं घोंगडं चौपदरी घालून ठेवलं आणि मग दोर त्यावरून खाली सोडला. दोर काचू नये म्हणून. मुलांनो, हे घोंगडं लक्षात ठेवा.

"मी वर बसते दोरापाशी," ती म्हणाली. "भिवरे, तू म्होरं."

भिवरा माकडासारखी उतरली. धर्मराज उतरला. बंकटला डोळे मिटायला लावून, कमरेला गाठ मारून, पोत्यासारखा सोडावा लागला.

आणि मग तिघांनी बोरीखाली पाहिलं.

बोरीच्या काटेरी सावलीत, दगडाच्या भेगांतून, काळी माकडशिंग उभी होती. अकरा झुबके. एकेक झुबका म्हणजे एक गड्डा, आणि प्रत्येक टोकाला काळपट जांभळी फुलं. फुलांच्या पाकळ्यांना बारीक केस होते आणि वारा नसतानाही ते थरथरत होते. फुलांचा वास मात्र चांगला नाही बरं का! शिळ्या मांसासारखा. माशांना तोच आवडतो. त्या भोवती घोंगावत होत्या, एका फुलावरचा पराग दुसऱ्यावर नेत होत्या. बंकट गुडघ्यावर बसला आणि हात न लावता नुसता बघत राहिला.

"पाच काढा," भिवरा म्हणाली. "कोनची ते मी दाखवते."

धर्मराजनं काखेतलं पोतं झटकलं आणि कपारीवर पसरलं. मोठं पोतं होतं.

"पाच न्हाई. समदी."

"काय?"

"समदी, मुळासकट. मागं एक बी ठेवायची न्हाई, असा हुकूम हाय. हुजुरांच्या बागंत सोडून जगात दुसरीकडं दिसली न्हाई पायजे."

"तुमी पाच म्हणलते!"

"म्हणलो असंल. न्हाईतर तू आली असतीस का?"

भिवराचं तोंड लाल झालं. ती दोन पावलं मागे सरली आणि बोरीला पाठ लावून उभी राहिली. काटे चोळीतून आत गेले. ती हलली नाही. तिनं दोन्ही हात पसरले.

"न्हाई देनार."

"पोरी, बाजूला हो. चौथा दिवस हाय तुझ्या मेंढरांचा. मरतील ती!"

हे ऐकून भिवराच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या साठांतल्या प्रत्येकाला ती नावानं ओळखत होती. कितीतरी कोकरं तिच्या हातांवर जन्मली होती.  पण हात तसेच राहिले.

"मेंढरं माझ्या बापाची हायेत," ती म्हणाली. "ही माझ्या बापाची न्हाई. तुमच्या हुजुरांची बी न्हाई. जी कुनाचीच न्हाई ती मी कशी देऊ?"

धर्मराजनं कोयत्याला हात घातला. मग पोरीकडे बघून काढून घेतला. एवढ्याशा कपारीवर झटापट झाली तर तिघंही खाली जाणार, हे त्यालाही कळत होतं.

"बरं, बस अशीच," तो म्हणाला. "मी तवर बिडी ओढतो. काटं टोचलं की आपोआप बाजूला होशील."

"बिडी नका ओढू! वर बघा, वर!"

धर्मराजनं वर पाहिलं नाही. काडी ओढली. धूर सरळ वर गेला. वर, बाहेर आलेल्या दगडाखाली, सुपाएवढं काळं काहीतरी लटकत होतं. ते आधी चमकलं. मग हललं. मग आवाज आला.

आग्या मोहोळ!

"पालथं पडा!" वरून मंजुळाबाई किंचाळली. माशा तिच्यावरही तुटून पडल्या होत्या. आपला जीव झाकावा की पोरीचा? तिनं विचार केला नाही. जे हाताशी होतं ते ओढलं आणि खाली फेकलं. घोंगडं! भिवरानं ते झेललं, बंकटला खाली ओढलं, दोघांच्या अंगावर घेतलं.

"धर्मराज मामा, आत या! आत या!"

पण धर्मराज भानावर नव्हता. तो दोराकडे धावला. चढू लागला. तोंडावर माशा, मानेवर माशा. दोन हात चढला. चार हात चढला. वर दोराखाली आता घोंगडं नव्हतं. उघडा, धारदार दगड होता. दोर त्यावर मागे-पुढे घासत होता. एक पदर तुटला. दुसरा तुटला.

फट्!

धर्मराज कपारीच्या कडेवर आदळला आणि बाहेर घसरला. भोपळा फुटला. भिवरानं घोंगड्यातून झेप घेतली. हातात पट्टा आला. दोन्ही हातांनी धरला. पण तीही घसरू लागली! तेवढ्यात तिच्या घोट्यांना कुणीतरी घट्ट पकडलं. घाबरट बंकट! त्यानं पाय बोरीच्या बुंध्याला अडकवले होते आणि डोळे गच्च मिटून तो ओढत होता.

"ओढ बंकटमामा! ओढ!"

इंच इंच करत धर्मराज आत आला. तिघं घोंगड्याखाली पडून राहिले. वर माशांचा पाऊस. श्वाससुद्धा हळू घ्यायचा. अर्धा प्रहर गेला असेल. मग आवाज हळूहळू ओसरला.

वरून हाक आली. "भिवरे! जित्ती हाय का गं?"

"हाय, आत्या!"

"आनि ती दोघं?"

"हायेत. एकाचं तोंड टरबुजावानी झालंय."

"माझं बी झालंय! दोर तोकडा राहिला गं, खाली पुरत न्हाई. वाडीवर जाऊन दुसरा आनते. उद्या दुपारपातुर कळ काढ!"

"काढते, आत्या. तू सावलीनं जा."

पावलांचा आवाज लांब गेला. उरली तिघं जणं, अकरा झुबके आणि ऊन.

आता खरी परीक्षा होती. पाणी नव्हतं. भाकरीचं गाठोडं वर माथ्यावर राहिलं होतं. धर्मराजचा घोटा सुजून मडक्याएवढा झाला होता. दगड भट्टीसारखा तापला. जीभ टाळूला चिकटली. तिसऱ्या प्रहरी धर्मराज बरळायला लागला.

"पानी... बंकट, पानी दे बे..."

"कुठनं देऊ?" बंकट रडकुंडीला आला. मग त्याची नजर बोरीखाली गेली. "पोरी, ही खात्यात म्हणं तुमी लोक?"

"खातो. पन नेम हाय."

"कसला नेम?"

"हातानं खुडायची, लोखंड लावायचं न्हाई. नुसती टोकं घ्यायची. आनि पयलं लावायची, मग खायची. एक कांडी मातीत गेल्याबिगर एक कांडी तोंडात जात न्हाई."

धर्मराज एका डोळ्यानं तिच्याकडे बघत होता. दुसरा सुजून मिटला होता. "मरायला टेकलोय... आनि नेम सांगती!"

"मग मरा," भिवरा म्हणाली.

बंकटला हसू आवरेना. त्या तसल्या उन्हात, फुटलेल्या ओठांनी तो हसला. आणि काय सांगू, धर्मराजही हसला. त्यानं हात पुढे केला. भिवरानं बोटभर टोक खुडून दिलं. त्यानं सुजलेल्या बोटांनी भेगेतली माती उकरली, कांडी रोवली, दाबली. मग तिनं दुसरी कांडी त्याच्या हातावर ठेवली.

कडू! मग आंबट. मग मात्र तोंडभर पाणी. धर्मराजनं डोळा मिटला आणि चावत राहिला. हळूहळू पोटातली आग निवली, जीभ सुटली.

"इतकं पानी हिनं कुठनं आनलं असंल?" तो पुटपुटला.

"दोन सालामागं पडलं होतं न्हवं? ते सांबाळून ठेवलं तिनं," भिवरा म्हणाली.

सावली थोडी लांबली तेव्हा बंकट बोलायला लागला. "धर्मराज, एक सांगतो. ही समदी नेली असती ना, तरी जगली नसती. मागल्या साली पलीकडच्या डोंगरावरनं सात आनली होती. आठवतंय? हुजूर समोर उभं राहून दिसातनं तीनदा पानी घालायला लावायचे. मी म्हणलो, सरकार, हिला इतकं सोसत न्हाई. तर म्हणले, माझ्या बागंत झाड तहानलेलं राहतंय असं लोकांनी म्हणावं का? महिन्याच्या आत सातच्या सात कुजली. हातात घेतली की शेंबडावानी गळायची."

"म्हणून आता ही?"

"म्हणून आता ही."

भिवरा गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बसली होती. ती म्हणाली, "नुसतं तुमच्या हुजुरांचं नाव कशाला घ्यायचं? आमचं बी चुकलंय. आदी ही समद्या डोंगरावर होती. आज्यानं सांगितलंय. रातचं मेंढरं कोंडायला वाडगं लागतं. वाडग्याला काटं लागत्यात. मग आमच्याच मानसांनी बोरी तोडल्या, हिवरं तोडली. काटं गेलं की ऊन आलं, शेळ्या आल्या. हिला काट्याचीच सावली लागती. आज्या मरताना म्हणलता, कुऱ्हाड आपलीच होती भिवरे."

 फुलांवरच्या माशा पुन्हा येऊन बसत होत्या.

रात्र तिघांनी एका घोंगड्यात, एकमेकांना चिकटून काढली. गुरुवारी पुन्हा ऊन तापलं. पुन्हा टोकं खुडायची वेळ आली. या वेळी धर्मराजला कुणी काही सांगितलं नाही. तो घोटा ओढत कपारीच्या टोकापर्यंत सरकला, जिथे दगडाची सावली जास्त वेळ राहते अशी भेग शोधली आणि तिथे आपली कांडी लावली. मगच खाल्ली.

दुपारी वरून आकडीचं टोक दिसलं. मंजुळाबाई! सोबत वाडीवरचे दोन गडी, हरिबा आणि त्याचा भाऊ, नवा दोर घेऊन.

"घोंगडं खाली हाय, आत्या! दोराखाली काय घालायचं?" भिवरा ओरडली.

धर्मराजनं पसरलेलं पोतं उचललं. घडी केली. दोराच्या टोकाला बांधलं.

"हे घ्या वर, बाई. चांगलं जाडजूड हाय," तो म्हणाला. "आता दुसऱ्या कशाला लागतंय?"

वर आल्यावर पाणी प्यायले. मंजुळाबाई आणि धर्मराज यांनी एकमेकांची सुजलेली तोंडं पाहिली.

"तुमी लई देखणे दिसता, शिपाई," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर धर्मराज हरिबाच्या खांद्यावर हात टाकून लंगडत होता. घसरड ओलांडल्यावर तो थांबला. "पोरी, मी ठरवलंय. हुजुरांना सांगतो, कपार ढासळली. समदी माकडशिंग घळीत गेली, संपली. मेंढरं तुमची तुमाला. झालं!"

मंजुळाबाईचा जीव भांड्यात पडला. "देव तुमचं भलं करो."

"न्हाई," भिवरा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"संपली म्हणू नका. एकदा संपली म्हणलं की उद्या आमचीच मानसं म्हणतील, आता तिथं काय ठेवलंय, तोडा ती बोर. तुमचा दुसरा शिपाई जाऊन बघंल ते येगळंच. हाय म्हणा. हाय, आनि देत न्हाई, असं म्हणा."

"अगं, मेंढरं!" मंजुळाबाई ओरडली. "मेंढरांचं काय?"

भिवरा पुढे चालायला लागली.  मान मात्र तिनं खाली घातली नाही.

शुक्रवारी सकाळी ते जहागीरदाराच्या बंगल्यावर हजर झाले. व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या. एकीत हैदराबादचा पाहुणा, हातात चहाचा पेला. दुसरीत जहागीरदार, मोजड्या हलवत.

"काय बे धर्मराज, माल कुठंय?"

धर्मराजनं तोंड उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. "हुजूर... ती..."

"ती डोंगरावर हाय," भिवरा पुढे होऊन म्हणाली. "अकरा झुबकं हायेत. फुलावर हाय. आमी आनली न्हाई."

मोजड्या थांबल्या. "का आणली नाही?"

"आनली की मरती. मागल्या साली सात मारली तुमी. तुमाला बघायची असंल तर तुमी या. उपाशीपोटी या, एक लावा, एक खा आनि बाकीची तिथं ठेवून या. माझा बाप बी तसंच करतो."

पाहुण्याचा पेला ओठांपाशीच राहिला. "सात?" त्यानं जहागीरदाराकडे बघत हळूच विचारलं.

जहागीरदाराचा चेहरा काळवंडला. पाहुण्यासमोर पोरीवर हात टाकता येईना. तो दातओठ खात म्हणाला, "ठीक. तुझी माकडशिंग डोंगरावर, तुझी मेंढरं कोंडवाड्यात! धर्मराज, आजपासून त्यांचं पाणीसुद्धा बंद."

भिवरा कोंडवाड्याकडे वळली. मंजुळाबाईनं तिचा खांदा धरला.

धर्मराज उभा होता. त्यानं सावकाश छातीवरचा पट्टा सोडला. त्याच पट्ट्याला परवा एका बारा वर्षांच्या पोरीनं धरून ठेवलं होतं. तो त्यानं व्हरांड्याच्या पायरीवर ठेवला. बिल्ला दगडावर टणकन वाजला.

"हे काय?"

"पट्टा तुमचा हाय, हुजूर. घ्या." मग त्यानं कमरेची किल्ली चाचपली. "ही मात्र जाता जाता कुलपातच ठेवून जातो."

"धर्मराज! थांब! कोण आहे रे तिकडे? पकडा त्याला!"

आजूबाजूला दोन शिपाई होते. ते एकमेकांकडे बघत राहिले. एक बुटाची नाडी बांधायला खाली वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला. बंकट बागेच्या फाटकापाशी उभा होता. त्यानं फाटक सताड उघडून धरलं.

धर्मराज लंगडत धावला. मंजुळाबाई धावली. भिवरा तर उडालीच! कुलूप निघालं. दार उघडलं. मेंढरं आधी बाहेरच येईनात, उभं राहायचं त्राण नव्हतं. दोन तर जमिनीवरून उठलीच नाहीत, ती गेली होती. भिवरानं त्यांच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. मग उठली, तोंडाशी हात नेला आणि हाळी दिली.

"हुर्र्र... या! हुर्र्र!"

एक उठलं. दुसरं उठलं. मग सगळा कळप धुळीच्या ढगासारखा दाराबाहेर लोटला!

नगरच्या बाजूची इंग्रजी हद्द तिथून जवळच होती. तिथे जहागीरदाराचा हुकूम चालत नसे. ओढ्याच्या कोरड्या पात्रात खड्डा उकरून जनावरांना पाणी पाजलं, वाटेत मिळेल तो पाला खाऊ घातला आणि थांबत थांबत, कमजोर कोकरं खांद्यावर घेऊन, सूर्य अजून हातभर वर असताना त्यांनी हद्दीचा दगड ओलांडला. धर्मराजही सोबत होता. परत जाणं त्याला आता शक्य नव्हतं. "कुणाला मेंढक्या पायजे का, एका पायाचा?" तो म्हणत होता.

पलीकडे एक बोडकी टेकडी होती. मंजुळाबाईनं मुक्काम ठरवला आणि बोचक्यातली कुऱ्हाड काढली. लांडग्यांचा मुलूख, वाडग्याला काटे हवेत. टेकडीवर एकच बोर होती, कमरेएवढी. ती तिच्याकडे निघाली.

भिवरा तिच्या आधी तिथे पोचली होती. बोरीखाली बसून तिनं काठीनं माती उकरली, परकराच्या ओच्यातून कपारीतली, आपल्या वाट्याची न खाता ठेवलेली बोटभर कांडी काढली, रोवली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबली.

"आत्या, ही न्हाई तोडायची."

"मग लांडगं काय तुझा बाप हाकलंल?"

"मी जागीन. धर्मराज मामा बी जागतील. त्यांना झोप कुठं लागती, घोटा दुखतोय."

मंजुळाबाईनं कुऱ्हाड वर धरली. पोरीकडे पाहिलं. ही पोर जहागीरदाराला नाही म्हणाली होती. आता आत्यालाही म्हणत होती. तिची कुऱ्हाड हळूहळू खाली आली.

एवढ्यात भिवराची सगळ्यात लाडकी शेळी, चांदी, जवळ आली. पाच दिवसांची उपाशी, वाटेतल्या पाल्यानं न भागलेली. हिच्यासाठी भिवरा कोंडवाड्याच्या कुडाला डोकं टेकून रडली होती. चांदीनं मान लांब केली, ओठ पुढे काढले आणि मातीतून वर राहिलेल्या त्या हिरव्या टोकाकडे तोंड नेलं.

आणि भिवरानं काय केलं?

तिनं मातीनं भरलेल्या हातानं दगड उचलला, नीट नेम धरला आणि चांदीच्या पाठीत हाणला!